लिनक्स कर्नलचा सामाईक फोर्क-कोड: नवा प्रोसेसर पोर्ट करणाऱ्यांसाठी परीक्षण

नव्या प्रोसेसरवर लिनक्स चढवताना (म्हणजे पोर्ट करताना) फोर्कसाठी, म्हणजे चालू प्रोसेसची (‘पालक’) नक्कल करून नवी प्रोसेस किंवा थ्रेड (‘मूल’) तयार करण्यासाठी, आज स्वतः किती कोड लिहावा लागतो? नव्या थ्रेडची रजिस्टरं मांडणारं कॉपी_थ्रेड() नावाचं सी फंक्शन, तेही शंभर ओळींच्या आत बसणारं, आणि नवा थ्रेड जिथून चालू लागतो तो असेंब्लीतला रेट_फ्रॉम_फोर्क हा छोटासा तुकडा. मेमरीची नक्कल, फाइल टेबल, सिग्नल, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) वाटप हे सगळं फोर्क.सी आणि त्याच्या जोडीच्या सामाईक कोडमध्ये सर्व आर्किटेक्चरसाठी एकदाच लिहिलेलं आहे. या सामाईक भागाचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: कर्नलमधल्या सगळ्यात विचारपूर्वक झालेल्या साफसफाईंपैकी ही एक आहे, पण पोर्ट करणाऱ्याने डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी नाही.

२०१२ पर्यंत कर्नल_थ्रेड() हे कर्नलच्या आतच चालणारा थ्रेड तयार करणारं फंक्शन प्रत्येक आर्किटेक्चर आपापलं लिहीत असे. खोटी रजिस्टर फ्रेम (साठवलेल्या रजिस्टरांचा संच) रचायची, तिच्यात फंक्शनचा पत्ता कोंबायचा आणि डू_फोर्क() ला हाक मारायची. कर्नलच्या आतून एक्झेक करणं (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणं) तर त्याहून विचित्र होतं. ३२ बिट एक्स८६ वर कर्नल स्वतःच इंट ०एक्स८० ही सूचना मारून स्वतःला सिस्टम कॉल (एरवी प्रोग्राम कर्नलला मारतो ती हाक) करायचा. ३२ बिट आर्मवर रजिस्टर फ्रेम उचलून स्टॅकच्या टोकाला हलवायची आणि युजर मोडकडे (साधे प्रोग्राम चालतात त्या मोडकडे) जाणाऱ्या वाटेवर उडी घ्यायची. कर्नल विकसक अल विरो यांनी कर्नलच्या ३.७ आणि ३.८ या आवृत्त्यांत हे बहुतेक सगळं एका छताखाली आणलं.

त्यांची मूळ कल्पना साधी आहे, म्हणूनच ती टिकली. कर्नल थ्रेडसुद्धा युजर प्रोसेससारखाच जन्माला घालायचा आणि त्याच्या स्टॅकच्या टोकाला युजर रजिस्टरांची फ्रेम रिकामी का होईना, पण राखून ठेवायची. थ्रेड सुरू झाला की दिलेलं फंक्शन चालतं. त्या फंक्शनने एक्झेक केलं, तर राखलेल्या फ्रेममध्ये नवा प्रोग्राम काउंटर आणि स्टॅक पॉइंटर लिहिला जातो. मग फंक्शन शून्य परत करतं आणि कोड नेहमीच्या वाटेने युजर मोडमध्ये उतरतो. पहिली प्रोसेस, म्हणजे इनिट, अशीच सुरू होते. वेगळी चोरवाट उरतच नाही.

आर्म६४ चा कोड उघडला तर हे फार स्वच्छ दिसतं. कर्नल थ्रेडसाठी एक्स१९ रजिस्टरमध्ये फंक्शनचा पत्ता आणि एक्स२० मध्ये त्याचं आर्ग्युमेंट जातं. रेट_फ्रॉम_फोर्क आधी शेड्यूल_टेल() ला (टास्क बदलण्याचं उरलेलं काम पुरं करणाऱ्या फंक्शनला) बोलावतो, मग एक्स१९ शून्य आहे का ते पाहतो. शून्य असेल तर युजर प्रोसेस, थेट बाहेर. नसेल तर त्या पत्त्यावर उडी. शिवाय कर्नल थ्रेडच्या कोऱ्या फ्रेममध्ये पीस्टेटचा (प्रोसेसरच्या स्थितीच्या नोंदीचा) आयएल, म्हणजे ‘बेकायदा स्थिती’ दाखवणारा, बिट मुद्दाम चढवून ठेवलेला असतो. म्हणजे एखादा थ्रेड चुकून युजर मोडकडे निघालाच, तर तो भलतीकडे न भरकटता लगेच अपवादात पकडला जातो. अशी काळजी पाहिली की कोड लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

चुका कुठे होतात? शेड्यूल_टेल() विसरलात तर रनक्यूचं (चालायला तयार टास्कांच्या रांगेचं) कुलूप उघडतच नाही आणि पहिल्याच नव्या टास्कपाशी मशीन गोठतं. कॉपी_थ्रेड() मध्ये सीपीयू कॉन्टेक्स्ट आधी शून्याने पुसला नाही, तर पालकाचा जुना एक्स१९ मुलाकडे येतो आणि युजर प्रोसेस असूनही कर्नल भलत्याच पत्त्यावर उडी मारतो. मुलाच्या फ्रेममधलं परतीचं रजिस्टर शून्य करायचं राहिलं, तर फोर्कनंतर मूल स्वतःला पालक समजतं. जीलिबसी या सी लायब्ररीच्या फोर्कमध्ये क्लोनचे (फोर्कमागच्या खऱ्या सिस्टम कॉलचे) फ्लॅग ०एक्स०१२०००११ असतात. आर्म६४ वर पहिलं आर्ग्युमेंट आणि परतीची किंमत एकाच एक्स० मध्ये असते, त्यामुळे ही ओळ राहिली तर मुलाला ‘पीआयडी’ म्हणून १८८७४३८५ दिसतो. हा आकडा लॉगमध्ये दिसला की बग नेमका कुठे आहे ते कळलं. फ्लोटिंग पॉइंटची जुनी स्थितीही तोडावी लागते: नुकत्याच मेलेल्या टास्कची जागा नव्या टास्कला मिळाली, तर सीपीयूला रजिस्टरं अजून त्याचीच आहेत असं वाटू शकतं.

आता तक्रारी. क्लोन सिस्टम कॉलच्या आर्ग्युमेंटांचा क्रम एक झाला नाही, आणि युजर प्रोग्राम मोडल्याशिवाय तो आता होणारही नाही. एक्स८६-६४ वर टीएलएस (थ्रेडच्या स्वतःच्या साठवणीचा पत्ता) शेवटी. आर्म, आर्म६४, रिस्क-व्ही वर तो चाइल्ड टीआयडीच्या (मुलाचा थ्रेड-क्रमांक लिहायच्या पत्त्याच्या) आधी. एस३९० वर स्टॅक पहिला आणि फ्लॅग दुसरे. मायक्रोब्लेझवर मध्येच स्टॅकचा आकार. सामाईक कोडमध्ये हे चार प्रकार कॉन्फिग पर्यायांनी सांभाळले आहेत. नव्या पोर्टने योग्य पर्याय निवडला नाही तर साधा फोर्क चालतो आणि थ्रेड मात्र कोसळतात, म्हणून फक्त शेल सुरू झालं यावर समाधान मानू नये.

क्लोन३ या नव्या सिस्टम कॉलने (कर्नल ५.३, २०१९) हा गोंधळ सगळी आर्ग्युमेंटं एका स्ट्रक्चरमध्ये घेऊन मिटवला. पण त्यानेच जुनी उसनवारीही उघडी पाडली. काही आर्किटेक्चर टीएलएस पॅरामीटर म्हणून घेत नव्हती, सरळ सिस्टम कॉलच्या रजिस्टरमधून उचलत होती. क्लोन३ मध्ये त्या रजिस्टरात टीएलएस नसतोच. आर्म६४ वर क्लोन३ सुरू झाला तेव्हा ही चूक आत होती आणि दुरुस्ती २०२० च्या सुरुवातीला आली. वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खोच: क्लोनला वरून खाली वाढणाऱ्या स्टॅकचं वरचं टोक द्यायचं, क्लोन३ ला मात्र सगळ्यात खालचा पत्ता आणि आकार. जुनाच पॉइंटर दिला तर मुलाचा स्टॅक दिलेल्या जागेच्या बाहेर सुरू होतो. आणि सेकॉम्प फिल्टरला (सिस्टम कॉल अडवणाऱ्या चाळणीला) स्ट्रक्चरच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे क्लोन३ अडवायचा असेल तर ईनोसिस (‘असा कॉलच नाही’ ही एरर) परत करा. ईपर्म (‘परवानगी नाही’) दिलात तर जीलिबसी २.३४ पासून पुढे जुन्या क्लोनकडे वळत नाही आणि थ्रेड तयारच होत नाहीत.

कर्नल ५.१९ (२०२२) मधला विकसक एरिक बीडरमन यांचा बदल मला सगळ्यात जास्त पटतो. त्याआधी फंक्शनचा पत्ता ‘स्टॅक’ नावाच्या पॅरामीटरमधून आणि त्याचं आर्ग्युमेंट ‘स्टॅकच्या आकारा’तून पाठवलं जायचं. वाचणाऱ्याची हमखास फसगत. आता कॉपी_थ्रेड() ला पूर्ण स्ट्रक्चर मिळतं, त्यात फंक्शनसाठी स्वतंत्र जागा आहे आणि तपासणी ‘फंक्शन दिलंय का’ एवढीच उरते. आयओ वर्करसाठी (आयओचं काम करणाऱ्या कर्नलच्या थ्रेडसाठी) प्रत्येक आर्किटेक्चरमध्ये वाढवलेली अटही त्यामुळे गेली.

स्पार्कचा फोर्क अजून वेगळाच राहिला आहे, कारण तिथे मूल की पालक हे दुसऱ्या रजिस्टरमधूनही कळवलं जातं. अल्फा आणि एम६८के वर कॉलच्या आधी उरलेली रजिस्टरं साठवणारं असेंब्लीचं वेष्टण लागतं. ते जबरदस्तीने एकत्र केलं नाही हेच बरं.

नवीन पोर्ट हाती घेणाऱ्याने नमुना म्हणून रिस्क-व्हीचा कोड समोर ठेवावा, एक्स८६ चा नको. तिथे इतिहासाचं ओझं फार आहे. इनिट उठल्यावर कर्नलच्या सेल्फटेस्टमधल्या क्लोन३ च्या चाचण्या चालवाव्यात आणि जोडीला टीएलएस वापरणारे दोन-चार थ्रेड काढणारा छोटा प्रोग्रामही.