राहता फ्लॅट आत्ताच मुलांच्या नावावर करावा, की मृत्युपत्राने द्यावा?

राहते घर बक्षीसपत्राने आत्ताच मुलाला किंवा मुलीला देऊन टाकावे, की मृत्युपत्र करून ते आपल्या पश्चात जाऊ द्यावे, हा प्रश्न साठी उलटलेल्या बहुतेक घरांत निघतो आणि बहुधा मुद्रांक शुल्काच्या आकड्यावर निकाली काढला जातो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, त्यामुळे ‘एवढ्या स्वस्तात होते आहे तर करून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. परंतु मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क मुळीच लागत नाही. तेव्हा निवड खर्चावर करू नये. उद्या पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला आणि वर्षानुवर्षे शुश्रूषेची गरज पडली, तर त्या काळात घर कोणाच्या मालकीचे असलेले बरे, याचा विचार करून करावी.

बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसमक्ष होऊन दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले आणि समोरच्याने ते स्वीकारले की मालकी संपते. त्यानंतर ते घर विकून लहान घरात जाणे, ते तारण ठेवणे किंवा त्याच्या पैशातून वृद्धनिवासाची अनामत भरणे यांपैकी काहीही आपल्या हाती राहत नाही, आणि मन बदलले म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. मुलगा कितीही प्रेमळ असला, तरी त्याचे कर्ज किंवा त्याच्या संसारातील वाद या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतात. ज्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, तो धोका पुढेच आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मुलाचे निधन झाल्यास त्याची पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस असतात. वडील दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे विधुर वडिलांनी मुलाला दिलेले घर मुलाच्या अकाली निधनानंतर सून आणि नातवंडांकडे जाते, आणि घर देणाऱ्या वडिलांचा त्यात वारस म्हणून हिस्सा उरत नाही.

यावर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातील कलम २३ चा आधार आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक असल्याचे सांगितले, तर जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट केले. तरीही अट गृहीत धरू नये. दस्तात ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे अन्न, निवास, औषधोपचार व शुश्रूषा हयातभर करावयाची असून त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल’ असे वाक्य आणि हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क, हे दोन्ही शब्दांत उतरलेले असावेत. नुसत्या ‘प्रेम व आपुलकीपोटी’ या ठरीव मजकुरावर सही करू नये. याच कायद्याखाली मासिक निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे, आणि शहरात दिवसरात्र ब्यूरोची मावशी, म्हणजे संस्थेमार्फत येणारी शुश्रूषा करणारी बाई, ठेवायची झाल्यास तेवढ्यात महिना निघत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मृत्युपत्राची मोठी जमेची बाजू म्हणजे ते शेवटपर्यंत बदलता येते आणि घर आपलेच राहते. दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी, आणि सहीच्याच दिवशीचे मानसिक स्वास्थ्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे, कारण पुढे भावंडांत वाद झाला तर सगळा खल त्याच मुद्द्यावर होतो. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. सोसायटीत नॉमिनी नेमला आहे म्हणून मृत्युपत्र टाळणे चुकीचे आहे, कारण नॉमिनी त्या नोंदीमुळे मालक ठरत नाही.

घर नावावर असले तर रिव्हर्स मॉर्गेजचा मार्गही खुला राहतो. साठीनंतर बँक घराच्या तारणावर ठरावीक मुदतीपर्यंत दरमहा रक्कम देते, हयातभर तिथेच राहता येते, मिळणारी रक्कम कर्ज असल्याने तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, आणि पश्चात वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात. ही योजना आपल्याकडे फारशी रुजली नाही, तरी घरी शुश्रूषा ठेवणाऱ्यांनी तिची चौकशी अवश्य करावी, कारण सत्तरीपुढील सर्वांना मिळणारे आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या मावशीच्या पगारासाठी नाही.

मृत्युपत्र जिवंतपणी मात्र काही कामाचे नाही. मुलाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, दिले आहे म्हणून अनेकजण निर्धास्त असतात, पण देणाऱ्याची विचारशक्ती गेली की कायद्याने ते संपुष्टात येते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून बँकेची खाती आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने आधीच संयुक्त करून ठेवाव्यात.

माझे मत असे, की घर हीच मुख्य पुंजी असेल तर मृत्युपत्रच करावे. निवृत्तिवेतन व ठेवींवर शुश्रूषेचा खर्च सहज भागत असेल, किंवा घरी राहून सांभाळणाऱ्या मुलीला इतर वारसांच्या भांडणातून वाचवायचे असेल, तर वरील दोन्ही अटींसह बक्षीसपत्र योग्य ठरते. गोव्यातील वाचकांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही: तिथे विवाहानंतर मालमत्तेत सामान्यतः पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा असतो, आणि मुले असल्यास आपल्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक भागाची विल्हेवाट बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने मनाप्रमाणे लावता येत नाही, त्यामुळे दस्ताचा मसुदा तिथल्याच वकिलाकडून करून घ्यावा.