जळगावचं लोकल फायबर: आयपी पत्ता बदलायचा तर किती कामाचं?

स्पीड कसा मिळतो ते गल्लीतलं कोणीही सांगेल. इथे ही जोडणी एकाच प्रश्नावर तपासली आहे: घरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याची ओळख असलेला आकडा, बदलायचा किंवा पक्का करायचा झाला, तर केबल ऑपरेटरचं फायबर आणि सोबत मिळणारा पांढरा ओएनटी डबा (फायबरची वायर ज्यात येते आणि जो घरभर नेट देतो तो) किती साथ देतो. घरातल्या पत्त्यापुरतं बोलायचं तर निश्चिंत घ्या. बाहेरच्या पत्त्याचं काम असेल तर पैसे भरण्याआधी थोडी चौकशी करा.

कोणता पत्ता बदलायचाय ते आधी ठरवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकल्यावर १९२.१६८.१.७ असा काही दिसतो तो घरातला. तो ओएनटी वाटतो आणि वेबसाइटला तो दिसत नाही. वेबसाइटला दिसतो तो ऑपरेटरकडून आलेला बाहेरचा. परीक्षेचा फॉर्म भरताना साइटने अडवलं म्हणून विंडोजमध्ये पत्ता बदलत बसलात, तर रात्र जाईल आणि फॉर्म तिथेच राहील.

घरातला पत्ता पक्का लागतो तो प्रिंटर शेअर करायला, हिशोबाचं टॅली दोन कॉम्प्युटरवर चालवायला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बघायला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे आयपी असाइनमेंटसमोर एडिट दाबायचं, ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करायचं आणि आयपीव्ही४ चालू करायचं. पत्ता १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क (घरचं नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (डब्याचा स्वतःचा पत्ता) १९२.१६८.१.१, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) ८.८.८.८ किंवा १.१.१.१. विंडोज १० वाल्यांनी इथे जपावं. तिथे हीच खिडकी मास्कऐवजी सबनेट प्रीफिक्स लेंग्थ मागते आणि त्या रकान्यात फक्त २४ लिहायचं असतं. सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिलं की सेव्ह होत नाही, आणि चूक कोणत्या रकान्यात आहे तेही धड सांगत नाही. लोक मग गेटवे बदलून बघतात, डीएनएस बदलून बघतात.

पण इथवर येण्याआधी ओएनटीचं सेटिंग उघडायला हवं. असे बरेच डबे १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंतचे सगळे पत्ते स्वतःच वाटायला घेतात. आज तुम्ही हाताने २० घेतला, उद्या पाहुण्याच्या मोबाइलला डब्याने तोच २० दिला, की दोघांपैकी एकाचं नेट बंद. म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पानावर डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची, सुरुवात १०० आणि शेवट २०० करा. खालचे पत्ते तुमच्या हाताशी मोकळे राहतात. ऑपरेटरचा पोरगा जोडणी देऊन निघाला की लॉगिन मागायचं राहून जातं, तेव्हा तो घरात असतानाच डब्याचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या.

याहून चांगला मार्ग म्हणजे कॉम्प्युटर ऑटोमॅटिकवरच ठेवायचा आणि ओएनटीमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवायचा. आमचं मत याच बाजूने आहे. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाकलं की फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून १२ अक्षरं-आकडे दिसतात. तेच डब्याच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये १९२.१६८.१.२० च्या जोडीला भरा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. दोन गोष्टींनी हे फसतं. वायफायचा आणि वायरचा फिजिकल अ‍ॅड्रेस वेगळा असतो. वायरचा भरला आणि वायफायवर बसलात तर राखलेला पत्ता येणार नाही. दुसरं, विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस चालू असेल तर कार्ड आपला खरा अ‍ॅड्रेस लपवतं. ते बंदच ठेवा.

लॅपटॉपला तर रिझर्व्हेशनच बरं. हाताने १९२.१६८.१.२० टाकलेला लॅपटॉप रावेरला केळीच्या मळ्यातल्या घरी नेला आणि तिथला राउटर १९२.१६८.०.१ वाला निघाला, तर वायफाय जोडलेलं दिसेल पण एक पान उघडणार नाही. हातानेच टाकायचा असेल तर मॅनेज नोन नेटवर्क्समध्ये जाऊन फक्त घरच्या वायफायच्या नावाखाली टाका, म्हणजे बाहेर गेल्यावर आडवा येत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर डब्याकडून उत्तरच आलेलं नाही असं समजा. जुन्या धाब्याच्या घरात हे हमखास बघायला मिळतं. हात-हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत वायफाय मरगळून पोचतं. पत्ता पक्का हवा असलेल्या कॉम्प्युटरला सरळ कॅट ६ ची नेटवर्क वायर ओढा.

आता बाहेरचा पत्ता, आणि इथे या सेवेचे गुण कापावे लागतात. आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मग स्लॅश रिन्यू हा उपाय सगळीकडे सांगतात, पण तो घरातल्या पत्त्यापुरताच आहे. त्यातही डबा कॉम्प्युटरला ओळखतो, म्हणून बहुतेक वेळा तोच आकडा परत मिळतो. बाहेरचा बदलतो तो ओएनटी आणि ऑपरेटर यांच्यातलं सेशन तुटून नव्याने जुळल्यावर. जोडणी पीपीपीओईवर असेल, म्हणजे डब्यात युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल, तर डबा बंद करून पाच-दहा मिनिटांनी चालू केला की साधारणपणे नवा पत्ता येतो. दहा सेकंदांत परत चालू केला तर जुनं सेशन ऑपरेटरकडे अडकून बसतं, नवं लॉगिन नाकारलं जातं आणि नेटच येत नाही. लाइट गेल्या-आल्यावर "नेट का येत नाही" म्हणून जे फोन होतात, त्यांतल्या कितीतरींचं कारण हेच. "भाऊ, जुनं सेशन क्लिअर करा" एवढं सांगितलं की काम होतं. डबा १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर असेल तर लाइट गेली तरी सेशन तुटत नाही, म्हणजे पत्ताही तोच राहतो. बदलायचा असेल तर यूपीएसची पिन काढावी लागेल.

पत्ता बदलूनही साइट अडवत असेल तर खरं कारण वेगळं आहे. ओएनटीच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) किंवा स्टेटस पानावरचा पत्ता आणि ब्राउझरमध्ये व्हॉट इज माय आयपी शोधल्यावर दिसणारा पत्ता शेजारी ठेवून बघा. वेगळे असतील, आणि डब्यातला १०.x किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एका बाहेरच्या पत्त्यावर अनेक घरं बसवलेली असतात. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ मध्ये वाटून संपले आणि २०१२ मध्ये १००.६४ ची ही पट्टी अशा वाटणीसाठी राखली गेली. छोट्या ऑपरेटरकडे पत्ते मोजकेच, हे समजण्यासारखं आहे. पण जोडणी घेताना ते कोणी सांगत नाही, ही आमची तक्रार आहे. सीजीनॅटमागे डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला डब्यातून घरातल्या ठरावीक यंत्राकडे वाट देणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून उघडत नाही, आणि माणूस महिनाभर आपल्याच सेटिंगला दोष देत राहतो.

कॅमेरे फक्त मोबाइलवर बघायचे असतील तर डीव्हीआरचं क्लाउड अ‍ॅप पुरतं, जास्तीचे पैसे घालू नका. घरून टॅलीचा सर्व्हर किंवा स्वतःचा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित मार्ग) चालवायचा असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम तोच राहणारा बाहेरचा पत्ता, घ्याच. घेताना तीन गोष्टी विचारा: पत्ता पब्लिक आहे का, सगळे पोर्ट मोकळे आहेत का, आणि सांगितलेल्या भाड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का. स्वतःचा राउटर लावणार असाल तर ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नेट नुसतं पुढे देईल, आणि पीपीपीओईचं लॉगिन राउटरमध्ये भरा, नाहीतर दोन डबे एकामागे एक पत्ते बदलत राहतात आणि पोर्ट दोन्हीकडे उघडावं लागतं. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट मात्र थेट बाहेर उघडू नका, त्यावर दिवसरात्र पासवर्डचा मारा होत असतो. पैसे देण्याआधी ऑपरेटरच्या त्या पोराला समोर बसवून वॅन पानावरचा आणि ब्राउझरमधला पत्ता एकच दिसतोय का ते बघा, डबा बंद-चालू करा आणि पुन्हा बघा.