मुंजा, हडळ आणि हिरवी पुट्टी: नऊ महिन्यांनंतर

आमच्या शनिवारच्या डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्ट रचत खेळायचा खेळ) गोष्ट कोकणातल्या एका गावात शिरली आणि पंचाईत झाली. पटावर ठेवायच्या छोट्या आकृत्यांत ड्रॅगन, ऑर्क (राक्षसी सैनिक) विकत मिळतात. मुंजा कुठे मिळणार? म्हणून नोव्हेंबरात ग्रीन स्टफ या पुट्टीची पट्टी मागवली. आता ऑगस्ट चालू आहे, सात आकृत्या हाताने घडवून झाल्यात.

निळी आणि पिवळी अशी ही एपॉक्सी पुट्टी. मळून एकजीव हिरवी झाली की तासभर तरी हाताशी असतो. दोन रंग पट्टीत जिथे चिकटलेले असतात ती मधली रेघ आधी कापून टाका. ती जागा आधीच घट्ट झालेली असते. मळली तर दाणे राहतात. माझ्या पहिल्या मुंज्याच्या गालावर असे दोन आहेत. त्याला देवी येऊन गेल्या असं आम्ही ठरवलंय.

पिवळी जास्त घेतली तर मऊ आणि चिकट, निळी जास्त तर कडक, पण कडा सुरेख येतात. खरी परीक्षा जानव्याची. 28 मिलिमीटरच्या आकृतीवर जानवं म्हणजे केसाएवढा दोरा. ओल्या काचेवर शेवई वळली, अर्धा तास तशीच ठेवली, मग ओल्या सुईने उचलून डाव्या खांद्यावरून सोडली. ताजी उचलली की तुटते. पाच वेळा तुटली.

तक्रार एकच, पण मोठी: वाळल्यावरही ती किंचित रबरासारखी राहते, पॉलिश पेपरने नीट घासली जात नाही. कोयता, पाट असल्या सपाट गोष्टींना मी मिलिपुट ही दुसरी एपॉक्सी पुट्टी वापरते. ती पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होते आणि नंतर छान घासता येते. सुरुवातीला पैसे वाचवायला नळगळतीची पुट्टी आणली होती. नाक होईपर्यंत तिचा दगड झाला. आणि हातमोजे घालाच, एपॉक्सीने माझी बोटं आठवडाभर खाजत होती.

घडवलेल्या आकृतीवरून सिलिकॉनचा साचा करायचा आणि त्यात रेझिन (घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) ओतून प्रती काढायच्या, हे साच्याचं तंत्र शेजारच्या काकांनी सांगितलं. ते पेणला गणपतीच्या कारखान्यात होते. सिलिकॉन बघून म्हणाले, "पोरी, शेंडी वर ठेवलीस तर हवा तिथंच अडकणार. उलटा ओत." उलटा ओतला, आत टाल्कम पावडर भुरभुरली, शेंडी अख्खी आली. दोन भागांच्या साच्यात मात्र मधे व्हॅसलिन लावायला विसरले. सिलिकॉनला सिलिकॉन असं चिकटलं की ब्लेडने मुंज्याची सुटका करावी लागली.

नव्या साच्यातून जानेवारीत अकरा मुंजे निघाले, एकेक देखणा. जुलैत त्याच साच्यातून अनारसे. पॉलियुरेथेन रेझिनला ओल लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अंगभर जाळी पडते. उघडलेली बाटली पावसाळ्यात सांभाळायची माझी तरी ऐपत नाही. हडळीचे केस मोकळे आहेत, पाय उलटे आहेत. तिला ऑक्टोबरपर्यंत बाटलीच्या बुचावरच उभं ठेवलंय.