नवीन म्हणून घेतलेले पाटे, रंग खरवडला तर जुने निघाले

जुनी पिकअप वापरणाऱ्यांनी हे वाचा. थोडं मोठं झालंय, पण पाटे (चाकांवरचे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग, लीफ स्प्रिंग) बदलायच्या आधी वाचा.

माझी गाडी 2011 ची बोलेरो पिकअप. नारायणगाव मार्केटमधून टोमॅटो भरायचा, माळशेजमार्गे कल्याणला टाकायचा, सीझनमध्ये आठवड्याला तीन-चार फेऱ्या. गेल्या उन्हाळ्यात मागची डावी बाजू बसलेली दिसायला लागली, रिकामी गाडीसुद्धा एका अंगाला कललेली. आमच्याकडचे जुने पाटेवाले आहेत, त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो. मामांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, कमान गेली, दोन्ही बाजूचे बदल, एका बाजूचे टाकलेस तर गाडी उलटी कलेल. भट्टीत तापवून परत कमान काढून देता का विचारलं तर स्वतःच नको म्हणाले. घरगुती भट्टीत तापवलेल्या पाट्याचं पाणी (कडकपणा) उतरतं, चार दिवस उभा राहतो आणि परत बसतो.

आता माझी अक्कल बघा. मामा म्हणाले कंपनीच्या डीलरकडून आण, मी बसवून देतो. डीलरकडं भाव विचारला, मग ओळखीच्या एका ड्रायव्हरने पुण्याकडच्या एका दुकानाचं नाव सांगितलं (दुकानाचं नाव इथं टाकत नाही). तिथं दोन्ही बाजूंचा मिळून भाव डीलरपेक्षा फक्त अठराशेने कमी. लोकांना वाटतं माणूस स्वस्ताच्या नादात फसतो. तो निम्म्या भावात देत असता तर मी पळालो असतो हो, अठराशेच कमी म्हणून तर विश्वास बसला.

दुकानात काळे कुळकुळीत पाटे, वर चमकणारं होलोग्रामचं स्टिकर. शेठ गोड बोलणारा, चहा पाजला. म्हणाला, "दादा, ओरिजिनल माल आहे, आणि तुम्ही भाजीपाल्यावाले म्हणून एक पाटा एक्स्ट्रा टाकून देतो, हेवी ड्युटी, दोन टन टाका काही होणार नाही." इथंच मी विरघळलो. खरं तर एक्स्ट्रा पाटा टाकल्याने गाडीची पासिंग वाढत नाही, आरसी बुकावर जे वजन आहे तेच राहतं, आणि जादा लोड पाट्याने पेलला तरी तो शेवटी हौसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच), बेअरिंग, टायर आणि ब्रेकवरच येतो, हे मला माहीत होतं, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर तेवढ्यापुरतं विसरलो. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटीचं पाहिजे तर टॅक्स वरून द्या, नायतर ही चिठ्ठी घ्या, सहा महिने वॉरंटी लिहून देतो. चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर दुकानाचं नावच नव्हतं, नुसतं वर छापलेलं 'एस्टिमेट', हे मी घरी येऊन बघितलं.

पाटे त्यांच्याच फिटरने तिथंच बसवले, पाटे हौसिंगला आवळून धरणारे यू बोल्ट जुनेच परत लावले, मी बाजूला फोनवर. जुने पाटे भंगारात घालायला मागत होते, ते मात्र मी गाडीत टाकून आणले. का आणले मलाच माहीत नाही, सवय म्हणा, पण पुढं तेवढंच कामाला आलं.

पहिले आठ दिवस गाडी मस्त उभी. मग हळूहळू परत बसायला लागली. मला वाटलं नवीन आहेत, सेट होत असतील. चौथ्या आठवड्यात 60 क्रेट भरले होते, क्रेटसकट तेराशे किलोच्या आसपास, म्हणजे पासिंगपेक्षा जरासं जास्तच, खोटं कशाला बोलू. ओतूर सोडलं, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाकाठानं गेलो, घाट व्यवस्थित उतरला. खाली मोरोशीच्या पुढं एका साध्या खड्ड्यात मागून फाटकन आवाज आला आणि गाडी तिरकी चालायला लागली, तोंड रस्त्यावर आणि शेपूट शेताकडं. उतरून बघतो तर डाव्या बाजूचा मेन पाटा सेंटर बोल्टपाशी (सगळे पाटे मधोमध जोडतो तो) दोन तुकडे, हौसिंग मागं सरकलेलं, टायर फाळक्याला घासतोय. हेच पाच-सात किलोमीटर आधी घाटाच्या वळणावर झालं असतं तर, हा विचार त्या रात्री झोपू देत नव्हता. दुसरी गाडी बोलवून माल तिच्यात भरला, निम्मा दबला, कल्याणला उशिरा पोचला आणि जो भाव मिळाला त्यात भाडंसुद्धा निघालं नाही.

गाडी ओढत मामांकडं आणली. मामांनी तुटलेला पाटा काढला, वायर ब्रशने रंग घासला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग बोट ठेवून एकेक दाखवत गेले. रंगाखाली गंजाचे खड्डे. नवीन पाट्याला छर्‍याचा मारा दिलेला असतो, त्यामुळं अंगावर सगळीकडं सारखी बारीक रवाळ खरखर असते, ती कुठंच नाही. पाट्याच्या पोटाला आडवी घासलेली रेघ, म्हणजे खालच्या पाट्याचं टोक तिथं वर्षानुवर्षं घासून गेलंय, नव्या मालाला ती असायचं कारणच नाही. आणि जो एक्स्ट्रा पाटा फुकट दिला होता तो कुठल्यातरी मोठ्या गाडीचा, गॅस कटरने आखूड केलेला. तुटलेल्या मेन पाट्याचं मधलं भोकसुद्धा गॅसनेच मोठं केलेलं. मामा म्हणाले, "पोरा, पाट्याला गॅस लावला की तिथलं लोखंड मेलं." सगळा ताण त्या मधल्या भोकापाशी येतो, तिथंच जाळलेलं, वर जुने यू बोल्ट ढिले, मग तो तुटणार नाही तर काय.

मग मी घरी आणून टाकलेले जुने पाटे काढले आणि मार्केटमधल्या काट्यावर दोन्ही ठेवले. 'नवे' एक्स्ट्रा पाट्यासकट माझ्या जुन्यांपेक्षा हलके! रोज शेकडो क्रेट काट्यावर टाकणारा माणूस मी, आणि हजारोंचं लोखंड घेताना काट्यावर टाकायचं सुचलं नाही. व्हर्नियर लावला तर जाडी जवळपास एक एमएम कमी. एक एमएम ऐकायला काहीच वाटत नाही, पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशोबाने जातो. समजा 8 एमएमच्या जागी 7 चा आला तर तेवढ्याच लांबी-रुंदीत त्याचा कडकपणा 33 टक्के कमी. म्हणून तर गाडी महिन्याच्या आत बसली.

दुकानात गेलो. शेठ तोच पण चहा नाही. आधी म्हणाला ओव्हरलोड केलंय, मग म्हणाला हे पाटे आमचे नाहीतच, तुम्ही बदलून आणले. चिठ्ठी दाखवली तर म्हणे यावर आमचं नाव कुठंय. पैसे रोख दिलेले. तेव्हाच ऑनलाइन केले असते तर निदान कुणाच्या खात्यात गेले ते तरी दिसलं असतं. शेवटी आवाज चढवल्यावर दोन हजार टेबलावर टाकले आणि निघा म्हणाला. मी घेतले. घ्यायला नको होते असं आमचे दाजी म्हणतात, पण त्या दिवशी डिझेललासुद्धा पैसे नव्हते.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला होता. तक्रार नोंदवून घेतात, पण कागद मागतात, आणि माझ्याकडं नावाशिवायची चिठ्ठी. माहितीसाठी सांगतो, धंद्याची गाडी म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं कुणी दटावलं तर घाबरू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर त्यात सूट आहे, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. फक्त पक्कं बिल पाहिजे. तो टॅक्स वाचवला तो मला किती महाग पडला ते माझं मला माहीत.

पाटे घेताना जुना पाटा सोबत न्या, शेजारी ठेवून लांबी, रुंदी, जाडी आणि वजन बघा. नख किंवा चावीने एका कोपऱ्यातला रंग खरवडा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे. भोकाच्या आणि कापलेल्या टोकाच्या कडा बघा, गॅसने कापलेली कड ओबडधोबड आणि वितळल्यासारखी दिसते. कानस मारून बघा असंही लोक सांगतात, पण चांगल्या पाट्यालासुद्धा कानस थोडी लागतेच, त्यामुळं जुन्या ओरिजिनलवर आणि नव्यावर दोन्हीकडं मारून फरक बघा, नुसत्या एकावर मारून काही कळत नाही. स्टिकरकडं तर बघूच नका. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घ्या.

मी शेवटी डीलरकडूनच घेतले, पक्क्या बिलावर, काट्यावर टाकून. काउंटरवरचा पोरगा हसत होता. मामांनी बसवले आणि पाचशे किलोमीटरनंतर परत ये म्हणाले. परवा गेलो, यू बोल्ट चारही बाजूंनी अर्धा-अर्धा फेरा आवळले गेले.