एफसीएस की फ्रॅप?
रेणू किती वेगाने पसरतात ते लेझरने मोजायचे हे दोन रस्ते, एफसीएस म्हणजे फ्लुओरेसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी आणि फ्रॅप म्हणजे फ्लुओरेसन्स रिकव्हरी आफ्टर फोटोब्लीचिंग, आणि गंमत म्हणजे दोन्हीच्या गाजलेल्या पेपरांवर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॅट वेबचं नाव आहे, एफसीएस १९७२, फ्रॅप १९७६. फ्रॅपमध्ये लेझरचा जोरदार फटका मारून चमकणारा डाय (रंग) लावलेल्या पेशीत काळा ठिपका पाडायचा आणि बाजूचे रेणू येऊन तो कधी भरतो ते बघत बसायचं, पूर्ण नाही भरला तर काही रेणू अडकलेत, जे एफसीएसला नीट दिसतच नाही. एफसीएस त्यामानाने हळुवार, जेमतेम एक फेम्टोलिटर (लिटरचा अतिसूक्ष्म अंश) जागेत रेणू ये-जा करताना उजेड कसा लुकलुकतो त्यावरून सगळा हिशोब. पण डाय नॅनोमोलरच्या आसपासच, म्हणजे अगदी विरळ हवा, जास्त झाला की लुकलुक बुडालीच! पाण्यातल्या सुट्ट्या रेणूंना मी एफसीएसच लावेन, पेशीच्या पडद्यावरच्या सुस्त प्रोटीनला मात्र फ्रॅप.