क्रॉस गेला होता, पैसे क्राऊनचे घेतले

गाडीच्या दुरुस्तीचं बिल ३२,६०० रुपये. 'नवीन' प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणारी फिरती नळी) १८,५००, क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) सेटिंग ९,४००, ऑइल १,२००, मजुरी ३,५००. काम होतं फक्त मागच्या क्रॉसचं, म्हणजे शाफ्टच्या वाकत्या जोडातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचं, जो दुकानात ७८० ला मिळतो. लिहायला लाज वाटते, कारण निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस मी स्वतः मारतो आणि गावात दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो.

गाडी पिकअप, दोन तुकड्यांचा शाफ्ट, मधात त्याला आधार देणारं सेंटर बेअरिंग. हळू चालताना चिर्र-चिर्र यायचं आणि रिव्हर्समधून पहिला टाकला की खालून खट्ट. न्यूट्रल करून उतारावर सोडली तरी चिरचिर चालूच, म्हणजे आवाज इंजिनचा नाही, चाकासोबत फिरणाऱ्या भागाचा. पांदणीचा काळा चिखल क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्यांना लागून वाळतो, सील फाटतं, पाणी आत जातं, आतल्या बेअरिंगच्या सुया गंजतात. टोपीच्या कडेला तांबडी भुकटी दिसली की मग ग्रीस कितीही मारा, क्रॉस गेलेला असतो. भुकटी मला दिसली होती. कापूस टाकून आलो की पाहू, असं ठरवलं.

गाडीत १४ क्विंटल कापूस, संध्याकाळ, वर आभाळ भरलेलं, आणि जिनिंगची (सरकी काढायच्या कारखान्याची) रांग. अशात खट्ट वाढलं आणि हायवेवरच्या गॅरेजात गाडी घातली. माझ्या जागी कोणीही घातली असती.

तिथल्या मिस्त्रीनं मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी गिअरमध्ये ठेवली, चाक हातानं पुढं-मागं हलवलं. "पहा भाऊ, केवढा प्ले आहे! क्राऊन खाल्ला. अशीच नेली तं जिनिंगच्या फाटकातच बसन." चाक हललंच पाहिजे! त्या हलण्यात मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या आतले गिअर, क्राऊन-पिनियन, दोन-तीन क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) आणि गिअरबॉक्स या सगळ्यांची मोकळीक एकत्र येते. दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर गिअर तापून जळतात. खरं पाहायचं तर चारही चाकं जमिनीवर, पुढं-मागं दगड किंवा गुटके, गाडी न्यूट्रल. एका हातानं पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथं बोल्टनं बसतो ती चकती) धरा, दुसऱ्यानं शाफ्ट उलटसुलट पिळा. दोन योकांच्या (क्रॉस धरणाऱ्या पकडींच्या) मधात क्रॉस हलला, तर दोष क्रॉसचा. योक जागच्या जागी आणि फ्लँजच जास्त फिरत असेल, तर पुढं क्राऊनचा विचार करा. क्राऊनचा आवाजही वेगळा असतो: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ, सोडला की बदलतो.

मग डिफरन्शियलचं ऑइल काढलं. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा होता. तो प्रत्येक गाडीत असतो, घासून घासून होतो. दाताचा तुकडा निघाला तर घाबरायचं. त्यानं तळहातावर चकचकीत कीस दाखवला. तो कुठून आणला, त्यालाच माहीत. ऑइल काढताना कधीही गाडीपासून हटू नका. मी चहाला गेलो होतो.

आणि ती वेळ. 'नवीन शाफ्ट' लावून झाला, मी खाली वाकून पाहिलं. काळा रंग ताजा होता, अंगठ्याला लागला. निपलवरही रंग, बॅलन्सिंगच्या पट्टीवरही रंग. आणि नळीला मधात तोच चेप, जो धुऱ्यावरच्या दगडानं दोन वर्षांपूर्वी आणला. अंगठा पँटला पुसला आणि पैसे मोजले. शाफ्ट नवा असेल तर जुना तुमच्या गाडीत टाकून मागा, पहिल्याच मिनिटाला. मी मागितला तेव्हा म्हणाला, "भंगारवाला घेऊन गेला ना जी."

खट्ट मात्र थांबलं, कारण मागचा क्रॉस त्यानं खरंच बदलला होता. म्हणून मला वाटलं, माणूस बरा आहे.

अकरा दिवसांनी ५० च्या वर गाडी थरथरू लागली आणि सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं. दुसऱ्या मिस्त्रीनं खाली झोपून एकाच नजरेत सांगितलं: स्प्लाइन चुकीच्या दातावर बसवली. सरकत्या जोडाच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत, नाहीतर एक क्रॉस जो झटका देतो तो दुसरा खात नाही. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनवर खडूनं नाही, छिन्नीनं खूण करा. खडू ऑइलनं पुसला जातो. क्रॉसची एक टोपीही हातोडीनं ठोकून बसवलेली, आत सुई आडवी पडलेली, म्हणून सर्क्लिप (टोपी अडकवणारी कडी) खाचेत बसलीच नव्हती. टोपी वाइसमध्ये दाबून बसवायची, सुया ग्रीसनं चिकटवून. शेवटी चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. क्रॉस ७८०, सेंटर बेअरिंग १,४५०, मजुरी ९००, असे ३,१३० आणखी. एकूण ३५,७३०.

शाफ्ट सोडला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही, हे लोक विसरतात. गुटके लावा!

आता पोलीस ठाण्याचं. पहिल्यांदा गेलो, ठाणेदार बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा जमादार म्हणाला, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." तिसऱ्यांदा अर्ज दोन प्रतींत आणायला लावला, पण पोच द्यायला तयार नाही. काहून? तर म्हणे साहेब पाहतील. परिवहन खात्याच्या (आरटीओ) कॅम्पात विचारलं, तिथं उत्तर मिळालं: "पासिंगचं असंल तं बोला." चार दिवस, डिझेल वेगळं, कापूस पडून. फसवणारा एकटा माणूस, त्याला सांभाळणारे किती!

ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार टाका. समोरचा म्हणेल, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहक मानलं आहे, हे ठणकावून सांगा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोनही करता येतो. पण बिल पक्कं पाहिजे.

माझं कच्चं आहे. काल अर्जाला जोडायला काढलं, तर त्यावर गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे लिहिलेत.