सीएमआर की एसएमआर? हार्ड डिस्क घेण्याआधी हे बघा

भाचीला लग्नाच्या शूटिंगचा डेटा ठेवायला ४ टीबीची डिस्क घ्यायचीय, तिने विचारलं की मामा दोन्ही चुंबकीयच आहेत मग ही सीएमआर (कन्व्हेन्शनल मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) न ती एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) म्हणजे काय, आणि घेऊ कुठली.

फरक मटेरियलचा नाहीच. दोन्हीत कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमचाच पातळ थर असतो, फरक आहे ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, कसे आखलेत त्यात. थरातले कण ८-१० नॅनोमीटरच्या आसपास असतात, ते अजून बारीक केले तर खोलीतल्या साध्या उष्णतेनेही त्यांच्या चुंबकत्वाची दिशा पलटायला लागते आणि डेटा जातो. म्हणून कण हट्टी पाहिजे, सहजी न वळणारा, पण हट्टी कणाला वळवायला चुंबकीय फील्डही तसंच जोरदार लागतं आणि ते देणारं राइट हेड (लिहिणारा भाग) फार अरुंद करता येत नाही. रीड हेड (वाचणारा भाग) मात्र अरुंद चालतं. एसएमआर याचाच फायदा घेते. रुंद ट्रॅक लिहायचा, पुढचा त्याच्यावर थोडा चढवायचा, अगदी कौलं घालतात तसं, उघडी राहिलेली पट्टी वाचायला पुरते. तेवढ्याच जागेत जास्त डेटा! सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे सुटे.

आता मधलं कौल बदलायचं तर वरची उचलायला लागतात ना, इथेही तेच. एक ट्रॅक बदलला की त्या गटातले पुढचे सगळे ट्रॅक परत लिहायचे. डिस्क आधी सगळं कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, घेते म्हणून सुरुवातीला स्पीड मस्त दिसतो, मोठी कॉपी टाकली की कॅश भरते आणि स्पीड धाडकन खाली.

एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर एसएमआर बिनधास्त घ्या, डेटा टिकण्यात ती कमी नाही. नॅस (NAS, घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) किंवा रेडसाठी (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) मात्र सीएमआरच. माझ्या नॅसमध्ये एसएमआर डिस्क टाकली तेव्हा रिबिल्डला, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा परत उभा करायला, कित्येक दिवस लागले, आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली असती तर मुलांचे लहानपणचे सगळे फोटो गेले असते, नीट झोप लागत नव्हती.

खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, मॉडेल नंबर घेऊन डेटाशीट बघा. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ (Red, वरचं RAID नव्हे) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये एसएमआर आहे हे २०२० मध्ये उघड झालं, त्यानंतर सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या.

भाचीला सांगितलं, एडिटिंग सीएमआरवर कर, पूर्ण झालेली लग्नं एसएमआरवर टाक, आणि दोन कॉप्या ठेव, दुसरी आजीकडे.